शेवटची गाडी पाच वीसला सुटते

मा. मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीची वही चाळताना शेवटच्या पानावर दुसऱ्या सत्राची यादी दिसली. फळ्यावरून घाईघाईने उतरवून घेतलेली. 26 नोव्हेंबर, संविधान दिन. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा. विज्ञान प्रदर्शन. 22 डिसेंबर, गणित दिन. सहल. 3 जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. स्नेहसंमेलन. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. सगळ्यात खाली, चौकट आखून: 'सराव रोज शाळा सुटल्यावर 5 ते 6.30. आठवीचा जादा तास 5 ते 6.'

यादी चांगली आहे. एवढं सगळं मनापासून करणारी शाळा आमच्या कोयना खोऱ्यात शोधावी लागेल, हे तोंडदेखलं बोलत नाही. पण ती चौकट वाचली आणि मला माझी गाडी आठवली.

मी एसटीत कंडक्टर आहे. बाजाराच्या गावातून वरच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची गाडी पाच वीसची. ती वरच मुक्कामाला थांबते आणि सकाळी खाली येते. गेली चार वर्षं महिन्यातले निम्मे दिवस तरी ही फेरी माझ्याकडे असते. तुमची शाळा पाचला सुटते. पाच दहापर्यंत फाट्यावर पोरांची गर्दी होते, पाच अठराला एखाददुसरं दप्तर सावरत पळत येतं, मी घड्याळ बघत अर्धा मिनिट जास्त थांबतो, मग डबल बेल. वाड्यांवरच्या शाळा चौथी-पाचवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर गाडीने खाली यायचं. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत मिळतो. सहावी ते आठवीची अशी पासवाली तीसेक मुलं रोज माझ्या गाडीत असतात.

म्हणजे तुमचा सराव सुरू होतो तेव्हा ही मुलं फाट्यावर उभी असतात. आणि सराव ऐन रंगात येतो तेव्हा गाडी घाट चढत असते.

मुद्दाम कोणी त्यांना वगळलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. बाई वर्गात विचारतात, "नाचात कोण आहे? हात वर करा." ज्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे त्यांचेच हात वर होतात. वाडीची पोरं हात वर करत नाहीत. त्यांना गाडीची वेळ पाठ असते. वर्षानुवर्षं हात वर न करणारी मुलं मग 'लाजरी' ठरतात. ही लाजरी मुलं माझ्या गाडीत काय दंगा करतात ते एकदा येऊन बघा.

गेल्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. मागच्या लांब सीटवर सहावीतली एक मुलगी स्नेहसंमेलनातलं नाटक म्हणत होती. एक काम नव्हे, सगळं नाटक. सासूचा आवाज वेगळा, मास्तरांचा वेगळा, मध्येच कोंबडंही आरवत होतं. बाकीची पोरं 'इथं ती रडते गं' म्हणून दुरुस्त्या करत होती. मी विचारलं, "तुझं काम कुठलं यातलं?" म्हणाली, "माझं नाही काम. बाई वर्गात वाचून घेतात ना, त्यात पाठ झालं." आठवडाभर रोज हा खेळ चालला. ड्रायव्हर तर वळणावर हॉर्न वाजवायच्या आधी मास्तरांचं वाक्य संपायची वाट बघायचा.

त्या नाटकात माझ्या मुलीला काम होतं. तिला दरवर्षी काहीतरी मिळतंच. आमचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. स्नेहसंमेलनाच्या रात्री ती एका जागी अडखळली. विंगेतून बाई वाक्य सांगणार त्याच्या आत ते माझ्या ओठांवर आलं, कारण मी ते पाच वीसच्या गाडीत सात-आठ वेळा ऐकलं होतं. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "घरी चांगला सराव करून घेतलेला दिसतोय." मी काही बोललो नाही. बापाला मुलीचं कौतुक हवंच असतं. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हे पत्र लिहायला वर्ष गेलं, त्यात माझाही भित्रेपणा आहे.

शिक्षकांच्या मागचा व्याप मी रोज बघतो. तुमच्यातले तिघेजण माझ्याच गाडीने अर्ध्या वाटेपर्यंत येतात आणि खिडकीला डोकं टेकून मोबाईलवर माहिती भरत असतात. कार्यक्रम पंधरा मिनिटांचा, फोटो वर पाठवायला पाऊण तास. तेव्हा अजून एक काम अंगावर टाकायला मी हे लिहीत नाही. आहे तेच जरा इकडचं तिकडे सरकवता येईल का, एवढं विचारतोय.

शनिवारचंच बघा. शनिवारी सकाळची शाळा, मुलं मुक्कामी गाडीने सव्वासातला उतरतात आणि साडेअकराला सुटतात. वर जाणारी पावणेअकराची गाडी तोवर गेलेली असते. पुढची दीड वाजता. दोन तास ही तीस मुलं फाट्यावरच्या शेडखाली बसून असतात. मोठी पोरं मोबाईलवाल्या कोणाच्या तरी भोवती कोंडाळं करतात, मुली सागरगोटे खेळतात, लहानी पेंगतात. शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला आणि तुमच्या शाळेत तो खरोखर होतो, हेही मला माहीत आहे. फक्त तो साडेअकराला संपतो. रोज संध्याकाळी जे दोन तास तुम्हाला हवे असतात ते शनिवारी दुपारी फाट्यावर आयते पडून आहेत! नाटक, समूहगीत, कबड्डी, वक्तृत्व, जे काय असेल ते शनिवारी साडेअकरा ते सव्वाला घ्या. गावातल्या मुलांचं यात काही बिघडत नाही, त्यांना घर जवळच आहे.

भुकेचं काय, असं कोणीतरी विचारेल, आणि बरोबर विचारेल. शनिवारची खिचडी मधल्या सुट्टीत होते ती थोडी उशिरा, सुटताना दिली तर भागतं. शिजवणाऱ्या मावशींना मी सहज विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, आम्हाला उलट बरं, सकाळी सकाळी धावपळ होत नाही. अर्थात ठरवायचं तुम्ही. मी आपला कंडक्टर, मला वेळापत्रकाच्या पलीकडचं कळत नाही असं आमच्या घरीही म्हणतात.

आठवीच्या जादा तासाचं मात्र जरा जोर देऊन सांगतो, कारण तिथे प्रश्न टाळ्यांचा नाही. हा तास एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचा. ती परीक्षा ज्यांच्या घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे अशा मुलांसाठीच असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. वाडीवरच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलगी बारावीपर्यंत शिकणार की दहावीनंतर घरी बसणार, याचा निकाल असतो. आणि नेमका हा तास पाच ते सहा! ज्यांच्यासाठी परीक्षा आहे ती मुलं त्या वेळी माझ्या गाडीत बसून मला विचारतात, "काका, बुद्धिमत्ता चाचणीत घड्याळाच्या काट्यांचा कोन कसा काढायचा?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला येत नव्हतं. आता येतं. मिनिटाला मोठा काटा 6 अंश सरकतो आणि छोटा अर्धा अंश. चालत्या गाडीत, तिकिटाच्या मशीनमधून निघालेल्या कोऱ्या कागदाच्या पाठीवर हे शिकवणं माझं काम नव्हे सर. अधूनमधून मजा येते, ती गोष्ट वेगळी.

खेळाचंही तसंच. धनगरवाड्यावरचा एक मुलगा सकाळी गाडी गाठण्यासाठी तीन किलोमीटर उतरण पळत येतो. गाडीत चढतो तेव्हा त्याला धापही लागलेली नसते. चौदा वर्षांखालच्या संघात तो नाही. सराव संध्याकाळी असतो. शाळेचा संघ तालुक्याला पहिल्याच फेरीत बाहेर पडतो आणि आम्ही पालक पंचांना नावं ठेवत परत येतो.

आता सहल. गेल्या वर्षी पाण्याच्या पार्कात गेली, मुलांना ती आवडली, माझ्या मुलीला अजून आठवते. पार्काला माझा विरोध नाही. पण गाडी पहाटे पाचला शाळेच्या फाटकातून सुटणार, असं पत्रक निघालं आणि वाडीची मुलं तिथेच गळाली. पहाटे पाचला वरून खाली आणणारं वाहन नाही. आदल्या रात्री कोणाच्या तरी घरी राहायचं म्हटलं तर मुलींना घरून सोडत नाहीत, आणि ते मला चूकही वाटत नाही. नंतर यादीत त्यांच्या नावापुढे 'इच्छुक नाही' असं लिहिलं गेलं. हे दोन शब्द मला फार लागले.

यात मी थोडी मदत करू शकतो. शैक्षणिक सहलीला प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने ठरवून, एसटी घेतली तर भाड्यात 50 टक्के सवलत असते, ते तुम्ही जाणताच. अर्जात गाडी कुठून सुटणार आणि कुठे संपणार हे आपणच लिहायचं असतं. तिथे शाळेऐवजी वरच्या शेवटच्या वाडीचं नाव टाका. किलोमीटर वाढतील, माणशी थोडे पैसे वाढतील, ते लपवत नाही. पण गाडी वरून मुलं घेत घेत खाली येईल आणि रात्री त्यांना दारात सोडून थांबेल. अर्ज महिनाभर आधी गेला तर सहलीच्या हंगामातही गाडी मिळायला अडचण येऊ नये. कागद घेऊन आगारात मी जातो.

कुठे जायचं याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. आपल्याच जिल्ह्यात नायगाव आहे. सावित्रीबाई 3 जानेवारी 1831 रोजी तिथे जन्मल्या. दरवर्षी आपल्या मुली त्या दिवशी नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी ओढून भाषण करतात, पण नायगाव पाहिलेली मुलगी मला गाडीत अजून भेटलेली नाही. आणि वाटेत सातारा. राजवाड्याजवळच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला एका मुलाचं नाव घातलं गेलं. रजिस्टरात 1914 क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. त्याच दिवसाला 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणतात. हजेरीच्या वेळी 'उपस्थित' म्हणणाऱ्या पोरांना ते सगळं जवळून बघू दे. एका दिवसात दोन्ही होतं, मी त्या रस्त्याला गाडी नेलेली आहे. संध्याकाळी वेळ उरला तर पोरांना पेढे खाऊ घाला, साताऱ्याला जाऊन कंदी पेढा न खाता परत आणलंत तर मात्र पालकांच्या तक्रारी येतील.

साताऱ्याचं नाव निघालं म्हणून. तुमच्या कार्यालयात कर्मवीर भाऊराव पाटलांची, आपल्या अण्णांची, तसबीर आहे, 22 सप्टेंबरला त्यांच्या जयंतीला तिला हार असतो आणि मुलं रयत शिक्षण संस्थेची गोष्ट पाठ म्हणतात. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. भाषणांमधे वडाचं झाड येतं, 'स्वावलंबी शिक्षण' येतं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोडलेला दागिना येतो. पण अण्णांनी वसतिगृहांवर एवढा जीव का लावला, हे कुठलंच पोर सांगत नाही. मला त्यात सरळ हिशोब दिसतो: पोराचं घर लांब आहे, रोज येणं-जाणं व्हायचं नाही, तर त्याला शाळेजवळ ठेवा. अंतर हा पोराचा दोष नव्हे, ते आपण मिटवायचं. आज वसतिगृह काढा असं कोणी म्हणत नाही. घड्याळाचे काटे थोडे मागे करायचे आहेत, बस्स.

स्नेहसंमेलन संध्याकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालतं. रोषणाई छान दिसते, पाहुण्यांनाही सोयीचं पडतं. वाडीतल्या आयांनी ते कधीच पाहिलेलं नाही. यंदा दुपारी बाराला सुरू करून साडेचारला संपवून बघा. बायकांना आता एसटीत अर्धं तिकीट आहे, भाजी विकायला त्या खाली येतातच, पोरीचा नाच बघायला का येणार नाहीत? मंडपाला वरून काळं कापड लावलं की दिव्यांची हौसही भागते. पाहुण्यांना दुपारी वेळ नसेल तर पाहुणे बदलावेत, असं माझं मत आहे. ते मत समितीत मांडायला मी सदस्य नाही.

समितीबद्दल एकच. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर तसं आहेही, वाडीच्या दोन आया त्यात आहेत. बैठक चारला बोलावतात, सुरू होते साडेचारला, आणि पाचला त्या दोघी उठतात. दुसऱ्या दिवशी सहीसाठी रजिस्टर माझ्या हाती वर पाठवलं जातं. त्या अंगठ्याखालचा ठराव एकदा मी कुतूहलाने वाचला: 'सरावाची वेळ सर्वानुमते ठरली.' रजिस्टर पोहोचवायला माझी ना नाही. पण बैठक बाजाराच्या दिवशी अकराला घेतलीत तर माझी ती एक फेरी वाचेल.

राहता राहिले दप्तरमुक्त दिवस. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कारागीर अशा माणसांच्या हाताखाली काम बघायचं, करायचं. मुलगी सांगते, यंदा एक कुंभारकाका चाक घेऊन शाळेत येणार आहेत. येऊ देत, चाक फिरताना बघणं ही मोठीच गंमत आहे. पण दहाही दिवस माणसांना शाळेत बोलावण्यापेक्षा एक दिवस शाळाच वर नेली तर?

वर काय आहे म्हणाल तर बरंच आहे. धनगरवाड्यावर म्हशी आहेत, पहाटेचं दूध काढून खवा आटवणारी माणसं आहेत. कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा कसा देतात, हे दाखवणारे एक आजोबा आहेत. तीच कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, हे पोरांना तिथे उभं राहून समजेल. उतारावर नाचणी आणि वरी कशी करतात ते आहे. आणि पवनचक्क्या आहेत. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी आईस्क्रीमच्या काड्यांच्या दोन-तीन पवनचक्क्या असतातच, एकीला गेल्या वर्षी बक्षीसही होतं. वनकुसवड्याच्या पठारावरचं खरं पातं खाली उभं राहून बघितलेली पोरं त्या प्रदर्शनात किती होती? बाजारातल्या मुलांना ती पाती गच्चीवरून बोटाएवढी दिसतात. वाडीच्या मुलांच्या झोपेत त्यांचा आवाज असतो. त्या दिवशी माहिती सांगायचं काम वाडीच्या मुलांकडे द्या. वाट त्यांची, झाडांची नावं त्यांना माहीत, कुठल्या कुत्र्याला घाबरायचं आणि कुठल्याला नाही तेही. मागच्या सीटवरची ती मुलगी पुढे उभी राहून बोलू लागली, तर तुम्हाला पुढच्या नाटकासाठी सासू शोधावी लागणार नाही.

माझी स्वतःची मुलगी अजून शेवटच्या थांब्यापर्यंत आलेली नाही. बाप रोज जातो आणि पोरीने तो घाट पाहिलेला नाही, हे लिहिताना मलाच चमत्कारिक वाटतंय.

पावणेअकराची गाडी वर जाते तेव्हा रिकामी असते. दोन-चार म्हातारी माणसं, गॅसची टाकी, पिठाची पिशवी. चव्वेचाळीस सीट आहेत. आठवडाभर आधी आकडा कळवलात तर त्या दिवशीची ड्युटी मी मागून घेतो. उतरताना पाण्याची बाटली सीटखाली विसरू नका म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा, आत्ताच गाडीत सहा पडून आहेत, त्यावर तुमच्या शाळेचं नाव आहे.

आपला,
पाच वीसच्या गाडीचा कंडक्टर
(आणि सातवीतल्या एका मुलीचा बाप)